श्वास चालू असताना

आईच्या आजारपणात माझं देवाशी बोलणंच बंद पडलं होतं. आम्ही मोशीतले जुने शेतकरी, भैरवनाथाला मानणारे. पण तिला घरातल्या घरात धाप लागायला लागली, पाय सुजले, आणि मला देवळाकडे बघवेना. हृदयाचा स्नायू कमजोर झालाय एवढं डॉक्टरांना दिसत होतं. का, ते कळल्याशिवाय नेमकं औषध ठरत नव्हतं. त्यासाठी एमआरआय करायला घेतला. मशीनमधून सारखी सूचना येई, श्वास रोखून धरा. आईला ते जमेना, आणि फोटो सगळे हललेले, पुसट. बाहेर आल्यावर ती रडायलाच लागली. "न्हाई रं जमत मला. दम कोंडतोय."

"आता तूच बघ," मी देवाला मनातल्या मनात म्हणालो. भक्तीनं नाही, चिडून.

शेजारी डोक्यावर ओढणी घेतलेल्या एक बाई बसल्या होत्या. पिंपळे गुरवच्या, कॉलेजात गणित शिकवणाऱ्या. नवऱ्याला तपासणीला घेऊन आलेल्या. "दादा, श्वास चालू असतानाही हृदयाचे फोटो घेता येतात आता," त्या म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांचे तसेच घेतले. डॉक्टरांना विचारून बघा." कसं शक्य आहे, म्हणून मी विचारलं. मशीन थोडीच मापं पटकन घेतं, त्या सांगू लागल्या. बाकीचं चित्र गणित पुरं करतं. माझा गोंधळच उडाला. मी महाळुंग्याच्या कंपनीत पार्ट तपासतो. न मोजलेल्या मापावर आम्ही सही करत नाही.

"म्हणजे उरलेलं अंदाजानं भरतात?"

"अंदाज नव्हे. शरीराच्या चित्रात बराच भाग एकसारखा असतो, सगळं मोजावं लागत नाही. जेवढं मोजलं त्याच्याशी जुळणारं सर्वांत साधं चित्र गणित शोधून काढतं."

"आणि चुकलं तर?"

"चुकू शकतं. म्हणून तर बघायला डॉक्टर लागतात."

तेवढ्यात त्यांच्या नवऱ्याला आत बोलावलं, त्या उठून गेल्या. नावसुद्धा विचारायचं राहिलं.

मी विचारल्यावर डॉक्टरांनी तसे फोटो घेणाऱ्या दुसऱ्या सेंटरची चिठ्ठी दिली. तिथे आई नाथाचं नाव पुटपुटत, श्वास घेत-सोडत पडून राहिली, आणि फोटो स्वच्छ आले. स्नायूला सूज होती, औषधानं उतरण्यासारखी. ती हळूहळू उतरलीही.

"नाथानंच धाडली ती बाई," आई म्हणते. मला हो म्हणता येत नाही, नाही म्हणवत नाही. कृपा देवाची, त्या बाईंची, की कधी न पाहिलेल्या कुणी मांडलेल्या गणिताची? आई बरी झाल्यावर देवळात गेलो, तरी हाच घोळ डोक्यात. आभार कोणाचे मानू, सुचेना.

"काय इचार करतुयास? निस्ता हुबा ऱ्हा," आई म्हणाली.

सगळं समजल्यावरच डोकं टेकवीन, असा माझा हट्ट होता. त्या दिवशी काहीच न समजता टेकवलं, आणि कितीतरी वेळ उचलावंसं वाटलं नाही.