पॉलिशवाल्याचा तळहात

कल्पना करा, तुमच्यापुढे घासून तयार केलेली लाकडाची फळी आहे. डोळे मिटा, तळहात पसरा आणि तिच्यावरून हळूच फिरवा. कुठे अडला? अडला तर पुन्हा घासायचं, नाही अडला तर पॉलिशचा पहिला हात द्यायचा. फर्निचरच्या कारखान्यातल्या त्या पॉलिशवाल्याने उभं आयुष्य हेच केलं. "डोळे भुलतात, हात भुलत नाही," असं तो म्हणायचा.

त्या हिवाळ्यात मात्र एकही फळी त्याच्या पसंतीस उतरेना. घासून घासून त्याने एका कपाटाच्या दारावरचा लाकडाचा पापुद्राच उडवला. खालचं प्लाय उघडं पडलं. पॉलिश पेपर विकणाऱ्याला त्याने शिव्यांची लाखोली वाहिली.

डबा घेऊन आलेल्या बायकोने कपाटाच्या दुसऱ्या दारावर हात फिरवला. "अहो, हे तर आरशासारखं झालंय! तुमचा हात दाखवा बघू."

दोन्ही तळहातांची कातडी जाड, मखमली झाली होती. रेषा टॉवेलच्या विणीसारख्या उठून आल्या होत्या.

"पॉलिशमधल्या थिनरचा प्रताप," तो म्हणाला.

"मग इतकी वर्षं थिनर झोपला होता का?"

त्वचेच्या डॉक्टरबाईंनी तळवे पाहिले आणि चौकशी मात्र पोटाची सुरू केली.

"भूक कमी झालीय. वय झालं," तो म्हणाला.

"कालपर्यंत माझ्या ताटातलंही खात होते," बायको म्हणाली.

डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "तळवे असे झाले की कधी कधी जठरात किंवा फुप्फुसात कॅन्सर लपलेला असतो. तुम्हाला असेलच असं नाही, पण बघायलाच हवं."

घशातून नळी घातली, तेव्हा जठरात गाठ सापडली. रिपोर्ट येईपर्यंत नवरा-बायको एकमेकांशी फक्त भाजीबद्दल बोलले. कॅन्सरच होता, पण लहान, न पसरलेला. ऑपरेशननंतर सर्जन "सगळी गाठ निघाली" म्हणाले.

आता तो थोडं थोडं जेवतो. तळवे मऊ पडू लागलेत. बायको चारचौघांत सांगते, "जिवाची नाही, फळीची काळजी होती, म्हणून वाचले!" तोही पोट धरून हसतो.

गाठ रक्तात काही द्रव्यं सोडते, त्यांनी कातडी वाढत असावी, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. तेवढं त्याला पटलं. पण रक्त तर अंगभर फिरतं. मग निरोप नेमका तळहातावरच का आला?