एक इंच उदबत्ती

साऱ्या पुण्यात माझ्या विमानवाल्या मित्राइतकं उदबत्तीचं चिकित्सक गिऱ्हाईक दुसरं झालं नाही, आणि गंमत म्हणजे देवापुढे उदबत्ती लावताना त्याला कुणीही कधी पाहिलं नाही. लोक दुकानात उदबत्ती हुंगून घेतात, हा खिशात पट्टी घेऊन जायचा. "एक इंच जळायला किती वेळ लागतो?" असं त्याने विचारलं की दुकानदार आधी त्याच्याकडे आणि मग, याला सोबत कोण आहे हे बघायला, माझ्याकडे बघायचा. "मोगरा आहे, वास बघा," असं दुकानदार म्हणाला की याचं उत्तर ठरलेलं. "वास तुम्ही घ्या, मला वेळ सांगा." मग तिथेच एक काडी पेटवून हा मनगटावरच्या घड्याळात बघत पाच मिनिटं उभा राहायचा आणि मागची रांग त्याच्या घराण्याबद्दल जे काही बोलायची ते मी ऐकायचो.

हे सगळं विमानांसाठी. आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासून त्याला हलक्या लाकडाच्या काड्यांची, वर झिरझिरीत कागद चढवलेली आणि पोटात पीळ भरलेलं रबर असलेली जुन्या घडणीची विमानं करायचा नाद होता. नोकरी झाली, निवृत्ती झाली, नाद तसाच. त्याच्या मते विमानविद्या आमच्या आजोबांच्या काळातच पूर्ण झाली, नंतर लोकांनी नुसती भर घातली. रिमोटचा त्याला मनस्वी तिटकारा. कोथरूडला एका लग्नात फोटोग्राफरचा ड्रोन डोक्यावर घोंघावू लागला तेव्हा हा वधूपित्याला म्हणाला, "अहो, तुमचा मिक्सर चालू राहिलाय वरती." त्याच्या विमानाला कसलीच दोरी नाही, बटण नाही. हातातून सुटलं की सुटलं. फक्त फार दूर जाऊ नये म्हणून शेपटीला एक रबरबँड लावायचा आणि त्यात इंचभर उदबत्ती पेटवून खोचायची. पाच मिनिटांनी ती जळत रबरापर्यंत आली की रबर तुटतं, शेपटी वर उचलली जाते आणि विमान सावकाश खाली बसतं. उदबत्तीची एवढी चौकशी चालायची ती यासाठी.

वहिनींनी हे सारं चाळीस वर्षं कसं सोसलं हे त्यांनाच ठाऊक. रबर उन्हाने खराब होतं म्हणून ते एरंडेल चोळून फ्रिजमध्ये, श्रीखंडाच्या डब्यात ठेवलेलं असायचं. एकदा त्यांच्या व्याह्यांनी हौसेने तो डबा उघडला आणि पुढे दोन वर्षं त्या घरी गोड खाल्लं नाही. पण खरं सांगायचं तर वहिनीही त्यातल्याच झाल्या होत्या. त्याचं सगळ्यात लाडकं पिवळं विमान, त्यावरचा कागद त्यांनी चढवला होता. याचं अक्षर कुणाला लागायचं नाही म्हणून पंखावरचा पत्ता आणि फोन नंबरही त्यांनीच लिहिला होता, आणि खाली ओळ: 'सापडल्यास परत आणून द्यावे. चहा मिळेल.' ते विमान वर्षातून एकदाच उडायचं, दिवाळीच्या पाडव्याला सकाळी. वहिनी आधी विमानाला ओवाळायच्या, मग नवऱ्याला. "ते तरी जाऊन परत येतं, हे कुठे जातच नाहीत," असं म्हणायच्या. त्या गेल्या, तरी पाडव्याचं विमान चुकलं नाही.

आमचं उड्डाण वारज्याच्या पलीकडच्या एका माळावर असायचं. तो स्कूटर चालवणार आणि मी मागे बसून ते पिवळं विमान छातीशी धरणार. एकदा सिग्नलला हवालदाराने हसून विचारलं, "काका, उडतं का हे?" हा म्हणाला, "तुमचा सिग्नल सुटला तर उडेल." माळावर पोचलो की हा घारी शोधायचा, कारण घार गोल फिरते तिथे हवा वर चढत असते. मग कामाची वाटणी. रबराला पीळ भरायचा त्याने, उदबत्ती पेटवायची मी. मी "लावली" म्हटल्याशिवाय तो विमान सोडत नसे. मला इतक्या विश्वासाचं काम आयुष्यात दुसऱ्या कुणी दिलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला आम्ही पोचलो तर माळाला पत्रे ठोकायचं काम चाललेलं. तिथे आता इमारती होणार होत्या. मी उदबत्ती खोचली आणि काडेपेटी काढणार, तेवढ्यात रखवालदार आला. "ओ काका, इथं थांबायचं नाय." मी वळलो आणि माळ कुणाच्या तीर्थरूपांचा आहे याची त्याच्याकडे सविस्तर चौकशी सुरू केली. मागून मित्राने विचारलं, "लावली?" मी मान न वळवता म्हणालो, "हो हो, लावली."

विमान सुरेख चढलं. घारींत मिसळलं. पाच मिनिटं झाली, सात झाली, दहा झाली. ते वर वर जात राहिलं, टिकलीएवढं झालं आणि डोंगरापलीकडे दिसेनासं झालं. मी खिशात हात घातला. काडेपेटी नवी कोरी होती. त्यातली एकही काडी ओढलेली नव्हती.

वहिनींच्या हातचं ते विमान मी घालवलं होतं, आणि मी ते बोललो नाही. "उदबत्ती विझली असेल," असं तोच सगळ्यांना सांगायचा आणि मी शेजारी बसून चहा प्यायचो. तो चहा मला गोड लागला नाही. मुळशीच्या बाजूला गावोगाव मी एकटा जाऊन चौकशी करून आलो, तेही त्याला सांगितलं नाही.

आठ महिन्यांनी त्याच्याकडे फोन आला. "तुमचं इमान हाय आमच्याकडं." आम्ही रिक्षा करून गेलो. एका शेतकऱ्याच्या घरात, देवाच्या कोनाड्याशेजारी, विमान धुळीचा कणही न लागता टांगलेलं होतं. "दुसऱ्याच दिशी आंब्यात घावलं. शेपटीला उदबत्ती खोवलेली बघून मंडळी म्हणली, देवाचं कायतरी हाय, हात लावू नगा. आता नवी सुनबाई आली, तिनं पंखावरचं वाचलं तवा कळलं," असं म्हणून त्यांनी आम्हालाच चहा दिला. उदबत्ती अख्खीच्या अख्खी होती.

परतताना रिक्षात मी बोलून टाकलं. "अरे, त्या दिवशी मी लावलीच नव्हती."

"माहीत आहे. धूर कुठे होता?"

"मग सोडलंस कशाला?"

तो बराच वेळ पंखावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिला. "दरवर्षी हिचं विमान वर जायचं आणि मी इंचभरात खाली बोलवायचो. माळही चालला होता. म्हटलं, एकदा जाऊ दे तिला हवं तिथवर."

मी म्हणालो, "आणि मला आठ महिने आतल्या आत जळू दिलंस?"

"तू खोटं 'हो' म्हणालास. तेवढं व्हायलाच हवं होतं."

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. त्याच्या मुलीने पिवळं विमान माझ्याकडे आणून दिलं आणि म्हणाली, "काका, बाबा म्हणाले होते, तुमच्याकडेच द्यायचं." फ्रिजमधला श्रीखंडाचा डबाही तिने आठवणीने दिला. माळावर आता बारा मजले उभे आहेत आणि मला रबराला पीळ भरता येत नाही. विमान हॉलमध्ये टांगलंय. उदबत्ती अजून शेपटीत आहे. घर आवरताना तिच्यावर कुणी फडका मारू लागलं की मी ओरडतो. त्याची मला फार आठवण येते.

यंदा पाडव्याला सकाळी बायको निरांजन घेऊन आली. मी पाटावर बसलो होतो. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वर पाहिलं आणि विचारलं, "आधी कुणाला?"

मी उठून विमान खाली काढलं आणि पाटावर ठेवलं.