गजूदादाच्या जागेवरचं पोतं

शाफ्ट तयार झाला होता. अकोल्याच्या वर्कशॉपमंदी सलीमभाईनं तो मशीनवर चढवला, फिरवून दाखवला अन् मले म्हणे, "देख, पानी का गिलास रख दूं इसपे, तो भी हिलेगा नहीं." तेवढ्यात मामीचा फोन आला. माही सवय अशी, का मामीचा फोन मी कधी सरळ उचलतच नाही. त्या दिवशीही कंपनीच्या बाईचा आवाज काढला, "आपण ज्या भाच्याशी बोलू इच्छिता, तो सध्या व्यस्त आहे..." नेहमी मामी पहिले हासते, मंग शिवी देते, मंग कामाचं बोलते. त्या दिवशी ना हासली, ना शिवी देली. "पोपट, घरी ये," म्हणे. मी म्हटलं, "मामी, शाफ्ट झाला, घेऊनच येतो." "शाफ्ट राहू दे रे बापू... गजू गेला." सलीमभाईले माह्या तोंडाकडे पाहूनच समजलं. त्यानं मशीन बंद केली. शाफ्ट मात्र आपल्याच जोरात फिरत राह्यला... जराही न थरथरता.

गजूदादा म्हणजे माहा मामेभाऊ, चांदूर बाजारचा. अंगानं एवढा, का स्कूटीवर बसला तं खालची स्कूटी दिसे नाही. त्याच्यापाशी एक जुना फोर-बाय-फोर ट्रक होता. त्याचं नाव गेंडा. अवकाळी पाऊस आला, बगीच्यात संत्र्याचा माल तोडून पडला अन् काळ्या चिखलात ट्रॅक्टर फसला, का सारे बोंबलत, "गेंड्याले बोलवा!" गजूले बोलवा असं कोणी म्हणे नाही. दादाले त्याचं काही वाटे नाही, उलट छाती फुगे. लग्नाचं मात्र त्या गेंड्यानंच वाटोळं केलं. एकदा पोरीचा बाप घर पाहाले आला, तं दादानं त्याले घराच्या आंधी ट्रकच्या खाली झोपवून गिअरबॉक्स दाखवला. तो माणूस शर्ट झटकत जो निघाला, तो तिवश्याले जाऊनच थांबला असन. मामी घरात पोहे घेऊन बसलेली, अन् इकडे पाहुणा गायब.

पुढं दादानं चिखलासाठी गेंडा उंच करून घेतला, मोठे टायर टाकले. दिसे झक्कास, पण खालचा शाफ्ट तोकडा पडला. शाफ्ट म्हणजे इंजिनचा जोर मागच्या चाकापर्यंत नेणारा लोखंडी पाइप. गाडी उंच झाली, पाइप तिरपा झाला, अन् गेंडा जरासा पळाला का सारा थरथर कापे. मी त्याचा आवाज करून दाखवो, गालं हालवून, तं दादा हासून हासून रडे. पण मामी त्या ट्रकात एकदा बसली अन् उतरून म्हणे, "माह्ये दात हातात येतीन. मी नाही बसत आता." हे दादाले लागलं. मायले पुढच्या सीटवर बसवून चिखलदऱ्याले न्याचं, हे त्याच्या मनात कधीचं होतं. "मायच्या हातातला चहा सांडला नाही पायजे, असा शाफ्ट बनवाचा," म्हणे. तयार शाफ्ट त्याले बसत नव्हता. मापानं बनवूनच घ्या लागे. आता कोणाकडून बनवाचा, हा प्रश्न होता.

अन् नेमकं तवाच दादाचं पोट दुखाले लागलं. पहिले गॅस झाला म्हणत होतो. मंग अमरावतीचा दवाखाना, मंग रिपोर्ट, मंग त्याच दवाखान्यातला दुसरा डॉक्टर... दादाची पॅन्ट पट्टा बांधूनही थांबे नाही अशी झाली. मिस्त्री शोधाले तो काही जाऊ शकत नव्हता. तं मले म्हणे, "पोपट्या, तू जा. भाव नको इचारू, फोटो नको काढू. तो माणूस पाहून ये अन् इथं पलंगापाशी करून दाखव. मी ठरवतो." माही नक्कल म्हणजे शाळेत मार खायची वस्तू होती, गॅदरिंगले हेडमास्तर बनलो होतो म्हणून. दादानं तिले कामाले लावलं.

पहिला गेलो अमरावतीतल्या एका मोठ्या दुकानात. काचेचा दरवाजा, एसी. मालक फोनवर बोलता बोलता माह्याशी बोले. आल्यावर करून दाखवला, "हां सर बोला, नाही तुमाले नाही म्हटलं, हां भाऊ, होऊन जाईन, परवा घेऊन जा, नाही सर तुमाले नाही..." दादा पोट धरून हासला अन् मंग इचारे, "बरं, पहिले काय इचारलं त्यानं?" मी म्हटलं, "कधी पायजे, म्हणे." दादानं मान हालवली. "पहिले कधी इचारते तो घाईचा माणूस. सोड." दुसरा अकोल्यात जठारपेठेकडचा, कपाळाले गंध, बोलाले गोड. त्यानं पहिले इचारलं, "बिल कोणाच्या नावानं?" दादा म्हणे, "त्याले पाइप दाखवाचीच गरज नाही, कागद दाखव." असे मी लय जण केले. दादाची परीक्षा एकच. पहिला प्रश्न काय?

सलीमभाईकडे गेलो तं तो दुसऱ्याच एका पोरावर खेकसत होता. मी उभा राह्यलो तं मलेही खेकसला, का सारा अकोला माह्याच डोक्यावर बसला आहे, का माह्याएवढा कारीगर नागपूरपर्यंत नाही, का चाय पिणार का. अन् मंग चष्म्यावरून पाहत म्हणे, "गाडी चलाता कौन? तू?" मी म्हटलं, माहा भाऊ. "तो तू कायको आया? उसकू ला." दादाले हे करून दाखवलं तेव्हा तो हासला नाही. "पुन्हा कर," म्हणे. पुन्हा केलं. "हाच."

पण दादाले अकोल्याले न्याचं कसं? डॉक्टरले इचारू, म्हटलं. त्याच दिवशी डॉक्टरनंच मले केबिनमंदी बोलावलं. बाहेर आलो तं दादा उशीले टेकून बसलेला, एकदम पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकासारखा. "हं, कर डॉक्टर." डॉक्टर तसा सोपा होता. नाकातून बोले अन् दर वाक्यामागं 'ठीक आहे?' म्हणे. मी बोटानं चष्मा सारखा केला, मान वाकडी केली, तोंड उघडलं... अन् आवाजच निघाला नाही. लहानपणापासून माह्या तोंडातून कोणाचाही आवाज निघते, कुत्र्याचा, सरपंचाचा, मिक्सरचा. त्या दिवशी काहीच नाही. दादा म्हणे, "बरं, राहू दे. पहिले काय इचारलं त्यानं?" मी म्हटलं, "तुमी पेशंटचे कोण, म्हणे." दादा खिडकीकडे पाहत राह्यला. "म्हणजे माह्याबद्दल इचाराचं काही उरलं नाही," म्हणे. मंग चादर बाजूले केली. "चाल, अकोल्याले जाऊ."

दवाखान्यातून सुट्टी घेतली अन् गेंडा त्यानंच चालवला. थरथरत, हळूहळू, मूर्तिजापुरात मामीच्या म्हशीसाठी सरकी ढेपेचं पोतं घेत. सलीमभाईनं ट्रकखाली घुसून काहीतरी पाह्यलं, बाहेर आला, दादाले पायापासून डोक्यापर्यंत पाह्यलं. शर्ट खांद्यावरून लोंबत होता. "गाडी अपने वजन पे खडी रहेगी तब माप लूंगा. चलानेवाला सीट पे चाहिए." दादा सीटवर बसला. सलीमभाई म्हणे, "पूरा बैठो ना." दादा म्हणे, "पूरा हूं भाई, इतनाच बचा हूं." सलीमभाईनं चष्मा वर केला. "पहिले किती होते?" एकदम मराठीतच. दादानं सांगतलं. सलीमभाईनं मागून ते ढेपेचं पोतं ओढलं, अर्धी ढेप घमेल्यात काढली अन् पोतं दादाच्या बाजूले ठेवलं. "हां. अब तुम पूरे. बीमार आदमी का शाफ्ट मैं नहीं बनाता, तुम अच्छे हो के चलाओगे उसका बनाता." दादा असा हासला, का खोकला लागला. मले मात्र जागाच उरली नाही, परतीले मागं डाल्यात बसून आलो. घरी उतरल्यावर दादानं पोतं ओढून आपल्या सीटवर सरकवलं अन् त्याले म्हणे, "माही जागा धरून ठेवजो बे."

मंग वाट पाहणं सुरू झालं. सलीमभाईनं एक पाइप वाकडा आहे म्हणून परत केला, दुसरा मागवला. जोडाचा क्रॉस पसंत पडला नाही, तोही परत. मी फोनवर फोन. दादा म्हणे, "त्याले घाई नको करू, बिघडवीन." इकडे दादा रोज कमी होऊन राह्यला होता. एका संध्याकाळी मी म्हटलं, "दादा, तो अमरावतीवाला परवा देत होता..." त्यानं डोळे न उघडता म्हटलं, "मायचा चहा सांडला असता." आजही रस्त्यानं चालता चालता तो 'परवा' माह्या कानात वाजते. बरोबर माणूस निवडला आमी. पण बरोबर माणसाले वेळ लागते, अन् आमच्यापाशी तोच नव्हता. कोणाच्या नावानं ओरडाचं?

तेरवी झाल्यावर सलीमभाई सोता चांदूर बाजारले आला. कोणी बोलावलं नव्हतं. शाफ्ट पोत्यात गुंडाळून आणला, अंगणात चटई टाकून ट्रकखाली झोपून बसवला. मले म्हणे, चालव. सीटवर ढेपेचं पोतं तसंच होतं, तं मी ते बाजूले सरकवलं अन् गावाबाहेर चक्कर मारून आणली. गेंडा पाण्यावरून चालल्यासारखा चालला. आवाजच नाही. दादा आला हे आमी ज्या आवाजानं ओळखत होतो, तोच गेला. परत आलो तं मामी दारात उभी होती. मी म्हटलं, "मामी, बस ना. दात नाही पडत आता." तिनं मान हालवली. "तो म्हणे तेव्हा नाही बसली... आता काहून बसू?"

सलीमभाई हात पुसत होता. मी इचारलं, का भाई, त्या पोत्यानं मापात किती फरक पडला असन? "कुछ नहीं," म्हणे. "ट्रक को क्या मालूम पडता आधे पोते का." मंग काहून ठेवलं होतं? तो आपले पाने गोळा करत राह्यला. सलीमभाईची नक्कल मी आता सोडली. जमते, पण करत नाही.

मामीनं पोतं पुन्हा दादाच्या सीटवर ठेवाले लावलं. ते अजून तिथंच आहे. ट्रक कोणी मागाले आला, तं मामी देते, पण पोतं उतरवू देत नाही. चालवणारा एका बाजूले अंग चोरून बसते. मधात उंदरांनी पोत्याले खालून भोक पाडलं अन् ढेप गळाले लागली. रोज थोडी थोडी. पोतं सीटवर खचत गेलं, खांद्यातून लोंबल्यासारखं... मले पाहवत नव्हतं. परवा गेलो तं मामी घमेल्यात म्हशीची ढेप घेऊन ट्रकापाशी उभी. भोक तिनं सुतळीनं शिवलं होतं. मले म्हणे, "पोपट, तोंड धर." मी पोत्याचं तोंड धरलं. तिनं घमेलं रिकामं केलं. मी म्हटलं, बस झालं ना मामी. तिनं पोत्याकडे पाह्यलं, पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली.

"अजून टाक," म्हणे. "एवढासा नव्हता तो."