बारवेतली देवी

आठवलं की आजही माझं डोकं भणभणतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. काचबिंदूनं त्यांची नजर पार गेली. त्यानंतर त्यांची एकच इच्छा राहिली होती, मुखेडकडच्या आमच्या गावच्या बारवेतली देवी एकदा बघायची. लहानपणी बारवेत पोहायला उतरले की तिच्याच खांद्यावर पाय देऊन ते वर चढायचे. पुढं बारव ढासळली आणि मूर्ती नांदेडच्या एका संग्रहालयात गेली.

आता नजर नसलेला माणूस बघणार कशानं? हातानंच की! लातूरहून एसटीनं घेऊन गेले त्यांना.

दारातच पाटी, 'मूर्तींना हात लावू नये.' तिथल्या शिपायाला मी सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "न्हाई जमत मॅडम. हाताचा घाम लागून दगड खराब होतो."

नियम तर नियम, गप बसलेही असते. पण देवीकडं बघते तर काय, कपाळावर ओलं कुंकू, पायाशी फुलं, अंगावर तेलाचे ओघळ!

"हे कुणी केलं हो?"

"आज मंगळवार हाय ना. आमीच करतो पूजा. बायाबी येत्यात. देवाचं न्हाई कसं म्हनावं?"

वा रे वा! तेलानं दगड खराब होत नाही, आंधळ्याच्या बोटांनी होतो! मी असा आवाज चढवला की आतून साहेबच बाहेर आले. साहेब लई हुशार. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "अहो, दर्शन घ्यायचंय म्हणा की. पाया पडायला कुणाची ना आहे?"

अण्णांचे कान तिखट. काठी टेकत ते पुढं आले. "साहेब, मी जन्मात कुठल्या देवाच्या पाया पडलो न्हाई. आता खोटं खोटं पडू का? मला तिचा खांदा बघायचाय."

"मग अवघड आहे," साहेब म्हणाले आणि आत निघून गेले.

म्हणजे भक्ताला मुभा आणि बघणाऱ्याला बंदी! अरे, मग संग्रहालय बांधलं कशाला? देऊळच बांधायचं होतं ना!

परतीच्या एसटीत मला राहवेना. "अण्णा, खांदा अजून चांगला गुळगुळीत हाय बरं का. आणि डाव्या बाजूला..."

"गप बस," अण्णा म्हणाले. "तू बघितलंस. मला बघायचं होतं."