कॅम्प चारचा कॅसेटवाला आणि हिचा धवला

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत गाणं कापायची अक्कल असलेला माणूस एकच, आमचा उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला कॅसेटवाला. बाकीचे सगळे कसाई. मी सातवी नापास, उभा जन्म अंबरनाथला खराद मशीनवर लोखंड कापण्यात गेला. गाण्यातलं मला कळत नाही, पण कापणारा हात कळतो.

दुकान म्हणजे कपाटाला शटर लावलंय, एवढंच. पाटीवर अजून ‘कॅसेट भरून मिळेल’ लिहिलंय, आणि कॅसेट भरायला कोणी आलेलं पंधरा वर्षांत मी पाहिलं नाही. आता तो बॅन्जोवाल्यांना, गॅदरिंगच्या बाईंना, हळदीवाल्यांना एमपीथ्री गाणी कापून-जोडून देतो. अंगात बनियन, कानावर पेन्सिल. कॉम्प्युटरला पेन्सिल कशाला, विचारलं तर म्हणतो, कान भरलेला बरा. सिंधी माणूस, सगळ्यांना ‘साईं’ म्हणतो, लाइटचं बिल वाटणाऱ्यालासुद्धा. गाणं कडव्याच्या मध्येच कापून मागितलं तर गिऱ्हाइकाला बाकावर बसवून पूर्ण गाणं ऐकवतो, मग विचारतो, आता बोल, कुठे सुरी घालू? निम्मे लोक न कापताच परत जातात.

पण खरी तऱ्हा सॉफ्टवेअर निवडायची. लोक मुलीला स्थळ एवढं बघत नाहीत. नवीन आलं की महिनाभर त्याला उमेदवारीवर ठेवतो. जे नापास झालं त्याचं कारण वहीत लिहितो. मी ती वही वाचलीय. एकापुढे लिहिलंय, ‘बडबड फार.’ दुसऱ्यापुढे, ‘रोज नवे कपडे मागतो.’ तिसऱ्यापुढे, ‘न विचारता सुधारतो,’ आणि त्याखाली दोन रेघा. एकदा एक डीजेवाला त्याला लॅपटॉपवर भारीतलं काहीतरी दाखवायला आला. पडदाभर नुसती बटणं. ह्यानं चष्मा लावून सगळी मोजली आणि म्हणाला, “साईं, मेरेको विमान नाय उडवायचा, गाना काटायचाय.” डीजेवाला चहा न पिता गेला. तो चहापण ह्यानंच प्यायला.

ह्याची परीक्षा एकच. एमपीथ्री म्हणजे आधीच दाबून बारीक केलेलं गाणं. बहुतेक सॉफ्टवेअर ते उघडतं, कापतं आणि सेव्ह करताना परत दाबतं. दर वेळी थोडा आवाज मरतो. ह्याला हवं असतं ते फक्त कापणारं, परत न दाबणारं. मला समजवायला म्हणाला, पापड एकदा भाजला, तो ओला करून परत भाजला तर काय राहणार? मी आगरी माणूस, मला ते सुकटीवरून लगेच कळलं.

कळलं, पण उशिरा. आमची ही धवलारीण. आमच्यात लग्नाचे विधी धवलारणीच्या गाण्याशिवाय, म्हणजे धवल्याशिवाय, पुढे सरकत नाहीत, आणि बदलापूरच्या हेंद्रेपाड्यापासून अंबरनाथच्या गावांपर्यंत हिला बोलावणी असायची. ती जाऊन दोन वर्षं झाली. आवाजाची खूण म्हणून एकच रेकॉर्डिंग, मेहुणीच्या मुलाच्या हळदीतलं. नातीचं लग्न ठरलं तशी नातच म्हणाली, आजीचा धवला वाजेल तेव्हाच हळद लावून घेईन. मग घरात सगळे ते गाणं सुधारायला बसले. मोबाइलवर मुलानं कुकरची शिट्टी कापली, सुनेनं खोकला कापला. मला ते ऐकवत नव्हतं. मी दुसऱ्या खोलीतून हुकूम सोडला, मधली बायकांची बडबड काढा. जो तो जुन्यावरच सेव्ह करत गेला. शेवटी हिचा आवाज बादलीत तोंड घालून गायल्यासारखा झाला, आणि मूळ फाइल पुसली गेली.

कॅसेटवाल्यानं ते ऐकलं आणि कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. मला शिव्या देईल वाटलं. “पहिला कोणाच्या मोबाइलमधे होता?” एवढंच विचारलं.

अंबरनाथची मेहुणी. तिला मोबाइलमधलं काही पुसताच येत नाही, म्हणून सगळं जसंच्या तसं पडून होतं. तिला मोबाइलसकट रिक्षात घालून दुकानात आणलं. ह्यानं वायर लावून फाइल उतरवली, आधी तिची दुसरी प्रत केली, मग मोठे हेडफोन माझ्या कानावर चढवले. म्हणाला, काय काढायचं ते तूच दाखव.

दोन वर्षांनी हिला ऐकलं. आवाज चांगला होता. कडवं संपलं आणि मधली बडबड आली. त्या गलक्यात ही कोणाला तरी हळूच म्हणत होती, “आमचे म्हाताऱ्याला कोनी जेवाला दिला का गो? तो मागाचा नाय. जा, एक ताट नेऊन दे. माझा नाव नको सांगू, फुगंल.”

त्या हळदीला मी मांडवाबाहेर पुरुषांत बसलो होतो. एक अनोळखी बाई भाकरी-मटणाचं ताट घेऊन आली होती. घरी जाताना रिक्षात मी हिला सुनावत होतो, की घरच्यांना पडलेली नाही, परक्या बाईला माझी भूक दिसली. ही पदर सावरत बसली होती. 

मी हेडफोन काढले. कॅसेटवाल्यानं विचारलं, हे काढायचं ना? मी मान हलवली, पण हो की नाही ते मलाच ठाऊक नव्हतं. त्यानं दोन फायली केल्या. एकीत नुसता धवला. ती मांडवात वाजली, नातीला हळद लागली, बायकांनी डोळे पुसले. दुसरीत काहीच कापलं नाही, ती त्याच्याकडेच ठेवलीय. घरी नेली तर मी कोणालातरी सुधारायला देईन, असं त्याचं मत आहे, आणि ते खरं आहे.

आठवड्यातून एकदा मी कॅम्प चारला जातो. तो हेडफोन माझ्या हातात देतो, ते न कापलेलं गाणं लावतो आणि फडका घेऊन शटर पुसायला बाहेर जातो. शटर आधीच स्वच्छ असतं. तरी तो पुसत राहतो, माझं होईपर्यंत.