न आलेला ठसका

तापल्या तेलात पडलेली सुकी मिरची आधी फुगते, मग काळवंडते, आणि मग तिचा तो अदृश्य, काटेरी धूर घरभर पसरून माणसाच्या घशाशी झोंबतो. आज आमटीला फोडणी देताना तसा धूर उठला, डोळ्यांत पाणी तरारलं, खोकून खोकून जीव कासावीस झाला. आणि मला मात्र आतून बरं वाटलं. ठसका लागून कुणाला बरं वाटतं का? पण फार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, शेजारच्या कुडाआड उभी राहून, मी याच ठसक्याची वाट पाहिली होती, एखाद्या आरोपीने निकालाची पाहावी तशी. तो आला नव्हता.

आमच्याकडे लेकराची दृष्ट काढतात ती मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्यांनी. आणि कुणावर संशय असलाच तर त्याच्या पायाखालची चिमूटभर मातीही त्यात मिसळतात. लेकरावरून ओवाळायचं आणि चुलीत टाकायचं. ठसका उठला तर दृष्ट नव्हतीच; न उठला तर होती, आणि ज्याच्या पायाची माती त्याचीच होती. किती सोपा हा न्याय! ना वकील, ना साक्षीदार. धूर तेवढा न्यायाधीश.

पोलादपूरहून कुडपणच्या अंगाला चढत जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मूल होत नाही म्हणून सासरहून परत आलेली मी, गावच्या बालवाडीत मदतनीस म्हणून लागले होते. घरोघर जाऊन मुलं गोळा करायची, हंडे भरायचे, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची. शिकवायच्या त्या नसीमबाई. माहेर-सासर दोन्ही महाडचं, नवरा कुवेतला. पोलादपुरात खोली घेऊन राहायच्या आणि सकाळच्या एसटीने वर यायच्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "सुमन, महाडला मदतनिसांचा कोर्स निघालाय. प्रमाणपत्र मिळतं. तू कर गं."

मोठा विलक्षण अभ्यासक्रम होता तो! पाच दिवस आपल्याच बालवाडीत आपलंच काम करायचं, आणि ते काम म्हणजेच अभ्यास. शनिवारी महाडला चवदार तळ्याजवळच्या एका शाळेत जमायचं आणि आठवडाभर काय केलं, काय पाहिलं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. पण ज्याला आयुष्याने एकदा दाराबाहेर काढलं आहे, त्याला उघडं दार दिसलं की आधी सापळाच का दिसावा? मला वाटलं, या बाईचा यात काय डाव आहे? मला शनिवारी महाडला धाडून ही बालवाडी लवकर बंद करत असणार. सोमवारी मी मुलांनाच खोदून विचारलं. बाईंनी हंडे स्वतः भरले होते, खिचडीही स्वतःच शिजवली होती. त्याने माझा संशय फिटला म्हणता? छे! तो आणखी खोल गेला. इतकं करते म्हणजे हिला काहीतरी मोठंच हवं असणार.

अभ्यासातला मुख्य भाग होता बालनिरीक्षण. एक मूल निवडायचं, रोज तासभर कोपऱ्यात बसून त्याच्याकडे पाहायचं. बोलायचं नाही, मदत करायची नाही. "नुसतं बघायचं, मध्ये हात घालायचा नाही," महाडच्या शिक्षिका बजावून सांगत. मी शेजारच्या सुगंधाची मंदा निवडली. चार वर्षांची, शेंगेसारखी सडपातळ, बोलण्यात मागे आणि हसण्यात पुढे. पाहणं म्हणजे काय, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. काम करणाऱ्या बाईला मुलं दिसतात ती वाहत्या नाकांची, सांडलेल्या ताटल्यांची. कोपऱ्यात स्थिर बसल्यावर मात्र एक मूल म्हणजे केवढा विस्तीर्ण प्रदेश आहे, हे मला उमगत गेलं. आणि आता लपवून काय करू? त्या तासापुरती ती पोर माझी असायची. अभ्यासाच्या आडोशाने मी आई होऊन बसायची. माझ्या त्या पाहण्यात शिकणं किती होतं आणि भूक किती होती, याचा हिशेब मला आजही लावता येत नाही.

पाहता पाहता मला एक गोष्ट दिसली. डावीकडून हाक मारली की मंदा वळायची नाही. गाणं सुरू झालं की इतरांच्या ओठांकडे पाहून मागून टाळ्या वाजवायची. झोपताना नेहमी तोच डावा कान दाबून धरायची. पोरीला त्या कानाने ऐकू येत नव्हतं. ते मला पावसाळ्यात कळलं आणि दसरा येईपर्यंत मी गप्प राहिले.

का? हात घालायचा नाही, हा नियम होता म्हणून? वांझ बाईने दुसऱ्याच्या लेकरात खोट दाखवली तर गाव काय म्हणेल, या धास्तीने? की सांगितलं तर सुगंधा पोरीला उचलून नेईल आणि माझा तो तास संपेल म्हणून? तिन्ही कारणं खरी आहेत आणि तिन्ही अपुरी. कारण एका शनिवारी महाडला मी ते सगळं सांगितलं. उभी राहून, रंगवून सांगितलं. शिक्षिका म्हणाल्या, "याला म्हणतात निरीक्षण!" आणि सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी टाळ्या वाजवत होतं. बाहेर आले तेव्हा तळ्यावर ऊन कलत होतं. जिथे माणसांनी साऱ्या जगादेखत निर्भयपणे ओंजळ भरून घेतली, त्या पाण्याकाठून मी टाळ्यांचा आवाज कानांत साठवून निघाले, आणि गावात उतरल्यावर सुगंधाच्या दारावरून तोंड मिटून घरी गेले.

पुढच्याच आठवड्यात मंदाला ताप भरला. कान वाहू लागला. पोर बालवाडीत आली नाही. आली ती सुगंधा. अंगणात मी हंडा उतरवला होता, तिथे माझी ओली पावलं उमटली होती. ती वाकून चिमटीने माती उचलत होती.

"काय गो सुगंधा, माती कशाला?"

"तुळशीला," ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. माती पदराच्या टोकाला बांधली आणि ती निघून गेली. तुळशीला कुणी चिमटीने माती घालतं का!

त्या संध्याकाळी मी कुडाआड उभी राहिले. आत चूल फुलली होती. मिठाची तडतड ऐकू आली. मी घसा ताठ करून थांबले. ये, ये एकदाचा! कुडाच्या फटीतून निखाऱ्यांचा उजेड आला, मंदाचं कण्हणं आलं. ठसका तेवढा आला नाही. मग सुगंधाचा खोल आवाज, लेकीला समजावल्यासारखा: "नाय गो बाय, ठसका नाय आला." वारा दरीकडे होता, मिरच्या दमट असतील, कूड नुकताच लिंपलेला होता. स्वतःच्या बचावाला मी काय काय गोळा केलं! पण आतून मला ठाऊक होतं, की धूर खोटं बोलला नव्हता. माझी नजर त्या लेकराला लागली होती. ज्या नजरेने पाहिलं आणि जिभेला सांगितलं नाही, तिच्याहून वाईट दृष्ट ती कुठली?

तरीही सकाळी मी संशय धरला तो दुसऱ्यावरच. नसीमबाई एसटीतून उतरताच त्यांना गाठलं. "बाई, तुम्हीच सांगितलंत ना सुगंधाला? मी मंदाकडे बघत बसते म्हणून?"

"मी कशाला सांगू? रोज तासभर टक लावून बसतेस, गावाला काय डोळे नाहीत?" मग माझा चेहरा पाहून त्या थांबल्या. "ते सोड. तुला तिच्यात दिसलं काय, ते सांग."

मी सांगितलं. वाटेतच, उभ्या उभ्या. त्या ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "महाडला सांगून आलीस आणि आईला नाही?" आणि बालवाडीकडे न वळता सुगंधाच्या घराकडे चालू लागल्या. "चल. तूच सांगायचंस. मी नुसती उभी राहीन."

सुगंधाने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर मला सोसलं असतं. "कवापासना ठाव हाय तुला?" तिने विचारलं.

"पावसाळ्यापासून."

"माज्या दारावरना गेलीस," ती हळू म्हणाली, "नि म्हाडात सांगितलंस."

त्याच दुपारी आम्ही तिघी मंदाला घेऊन महाडच्या डॉक्टरांकडे गेलो. ताप उतरला, कान वाहायचा थांबला. ऐकू येणं मात्र त्या कानात परतलं नाही. आधी आणली असती तर परतलं असतं का? हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही, आणि म्हणून तो संशय आजन्म माझ्यापाशीच राहिला आहे. पुढे मला प्रमाणपत्र मिळालं. नसीमबाई आपली स्वतःची मुलं सांभाळायला महाडला परतल्यावर त्यांच्या जागी मीच शिकवू लागले. दरवर्षी नवी मदतनीस येते, कोपऱ्यात बसून पाहायला शिकते. तिच्या डोळ्यांत मी आधी माझी ती भूक शोधते.

सुगंधा वर्षानुवर्षं माझ्याशी कामापुरतं बोलली. मग तिचा धाकटा चार वर्षांचा झाला, आणि एका सकाळी त्याचं बोट धरून ती बालवाडीच्या दारात उभी राहिली. "ह्याच्याकडं पन बघ," ती म्हणाली. "पन काय दिसंल ता पयलं माज्या दारात सांगायचं. मग जा म्हाडाला." क्षमा होती ती, की ताकीद? मी विचारलं नाही. त्या दिवशी पोराच्या दाताला कीड दिसली, तर खिचडी चुलीवर सोडून मी सांगायला धावले होते!

आजच्या फोडणीचा धूर खिडकीतून बाहेर गेला, मधलं कुंपण ओलांडून पलीकडे उतरला. थोड्याच वेळात तिकडून खोकला ऐकू आला, आणि मागोमाग सुगंधाचा आवाज: "काय गो सुमन, आमाला मारतेस काय मिरच्यांनी?"

"आला काय ठसका तुझ्यापर्यंत?" मी खोकतच विचारलं.

"आला गो बाय, आला!"

त्या शब्दावर किती विसंबावं, हे माझ्या संशयी मनाला अजून ठरवता आलेलं नाही. खिडकी मात्र मी तशीच उघडी ठेवली.