अर्ध्या गाण्याचं दुकान

गिऱ्हाइकापेक्षा गिऱ्हाइकाच्या येण्यावर जास्त जीव असलेला दुकानदार आमच्या सगळ्या मुलुखात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या अक्काच्या पदरात पडला. कापड विकणं हा आमच्या दाजींच्या लेखी दुकानदारीचा अगदी शेवटचा आणि काहीसा कंटाळवाणा भाग होता. माणूस रस्त्यानं चाललाय, त्याला कापड नकोय, त्याच्या डोक्यात बैल आहे नाहीतर बियाणं आहे, आणि तरी तो थबकला पाहिजे, त्यानं मान वळवली पाहिजे, पायरी चढली पाहिजे; इथवर दाजींचा सगळा प्राण डोळ्यांत गोळा झालेला असे. तो एकदा आत येऊन टेकला आणि 'धोतर दाखवा' म्हणाला की दाजींचं लक्ष उडे. त्याच्या डोक्यावरून ते पुन्हा रस्त्याकडे पाहू लागत. मग आतल्या दाराआडून अक्का खोकायची आणि दाजी नाइलाजानं धोतराला हात घालायचे.

निजामाचा अंमल होता. मी परभणीला शाळेत मास्तर होतो. जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची, सुट्टी मिळाली की सकाळच्या गाडीनं पुढच्या पिंगळी स्टेशनावर उतरायचं आणि अक्काकडे जेवायला जायचं, असा माझा रिवाज. बाजारही त्याच दिवशी भरे. दाजी अंगानं काटकुळे, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. त्यांना कधी निवांत बसलेलं पाहिल्याचं मला आठवत नाही. गादीवर बसले तरी एक पाय खाली सोडलेला, उठायच्या तयारीत. सकाळी इष्टलिंगाची पूजा करताना तरी माणूस स्थिर होतो. दाजी तळहातावर लिंग घेऊन डोळे मिटत, आणि रस्त्यावर बैलगाडीचं चाक वाजलं की एक डोळा उघडत. अक्कानं एकदा टोकलं तेव्हा म्हणाले, "शंकर थांबतोय गं. गाडी थांबायची न्हाई."

लोकांना कापड दाखवायला आत बोलवावं लागतं, यात वेळ फार जातो, असं त्यांच्या मनानं घेतलं तेव्हा त्यांनी स्वतःसाठी एक अंगरखा शिवून घेतला. त्याची एक बाही मांजरपाटाची, दुसरी फुलाफुलांच्या छिटाची, पाठ जाडसर खादीची आणि पुढचे दोन भाग दोन वेगळ्या रंगांच्या चौकड्यांचे. गावच्या शिंप्यानं हे शिवताना डोळे पुसले म्हणतात, हसून की दुःखानं ते कळलं नाही. तो अंगरखा घालून दाजी बाजारभर फिरत. कुणाशी बोलताना हळूच वळून पाठ दाखवत. सुरुवातीला लोकांना वाटलं, यांच्यावर काही वाईट वेळ आली. मग सवय झाली, आणि बाया भाजी घेता घेता लांबूनच सांगू लागल्या, "दाजी, तुमच्या पोटावरचं दोन वार फाडून ठेवा, पोरीच्या परकराला." दाजी खूश. पण त्या अंगरख्यामुळं एक घोटाळा झाला. छिटाच्या बाहीचं कापड संपलं तरी बाही तशीच राहिली, आणि माणसं तेच मागू लागली. एका मानी शेतकऱ्यानं तर 'नाही' ऐकूनच घेतलं नाही. "अंगावर हाय आन न्हाई कसं म्हणतंव?" असं म्हणून तो सरळ बाही धरून उभा राहिला. शेवटी अक्कानं बाही उसवून त्याला दिली, तेव्हा तो गेला. दाजी उरलेला दिवस एका बाहीनं हिंडले. त्यातही त्यांना काही कमी वाटलं नाही. म्हणाले, "लोक बघायलेत ना?"

मग फोनो आला. तोंडाला पितळेचा कर्णा असलेला. हैदराबादेहून कुणाच्या तरी ओळखीनं मागवलेला. त्याबरोबर एकच तबकडी होती, एका गवळणीची. गवळण घागर घेऊन यमुनेवर जाते, वाटेत कृष्ण आडवा येतो, ती विनवते, तो ऐकत नाही, असं चढत चढत जाणारं गाणं. दुकानापुढं ही गर्दी जमली. आणि ऐन विनवणीत दाजींनी सुई उचलली. म्हणाले, "उरलेलं गाणं कापड घेणाऱ्यांस्नी, आत या." आत कुणी आलं नाही. बाहेरून फुकट ऐकता येईल तेवढं ऐकून माणसं घरी गेली, आणि थोड्याच दिवसांत सगळ्या शिवारात अर्धंच गाणं पसरलं. जात्यावर बाया विनवणीपर्यंत येत आणि पुन्हा घागर उचलत. भजनी मंडळींची तीच गत. पालमकडचा एक म्हातारा शेतकरी बाजाराला येई, तो मात्र अस्वस्थ झाला. त्याला गाण्याचं काही नव्हतं, त्याला त्या बाईची काळजी लागली होती.

"ती घरी आली का न्हाई, तेवढंच सांगा," तो म्हणाला.

"धोतराचा जोड घ्या, मंग सांगतो," दाजी म्हणाले.

म्हाताऱ्यानं जोड घेतला नाही. पण तो काही कामानं परभणीला गेला, तिथं कुठल्याशा हॉटेलात त्यानं पुरी तबकडी ऐकली, आणि पुढच्या बाजारी आमच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून खणखणीत आवाजात उरलेलं गाणं सगळ्यांना म्हणून दाखवलं. घागर फुटते, पण बाई सुखरूप घरी येते. लोकांनी सुस्कारा सोडला आणि ते पांगले. दाजी रात्री जेवले नाहीत. अक्का मला म्हणाली, "मास्तर, यांना कापड खपलं न्हाई त्याचं काही न्हाई. लोकांची हुरहुर संपली, त्याचं दुःख हाय."

पुढं त्यांनी पुरुषभर उंचीचा आरसा आणून दारात उभा केला. बाया पदर सावरत रांगेनं येऊन गेल्या. तिथंही एक म्हातारा भेटला. त्यानं आयुष्यात स्वतःला पायापासून डोक्यापर्यंत एकदम कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "इतका थकलो होय मी," आणि उपरणं घ्यायला आलेला तसाच परत गेला. दाजींनी त्याच संध्याकाळी आरशावर चादर टाकली. कितीही उतावीळ असले तरी माणसाला दुखवून विकणं त्यांना जमत नव्हतं.

पण खरी गंमत झाली ती भोंग्याच्या दिवशी. परभणीला कुणीतरी बॅटरीवर चालणारा, माणसाचा आवाज मोठा करणारा भोंगा आणला होता. दाजींनी तो भाड्यानं घ्यायचं ठरवलं तेव्हा अक्कानं मला बोलावून घेतलं. तिचा धीर सुटला होता. त्या काळी चार माणसं जमवून मोठ्यानं बोलायचं म्हटलं तरी परवाना लागे. दाजी पोलिसांच्या अमीनसाहेबांच्या कचेरीत खेटे घालून आले. परवाना मिळाला, पण सरकारविरुद्ध काही बोललं जाऊ नये म्हणून ऐकायला पोलिसांचा एक जमादार बसेल आणि काही वावगं निघालं तर दुकानाला कुलूप लागेल, या अटीवर. "तुमच्या तोंडाला काही धरबंद हाय का?" अक्का म्हणाली. "एक शब्द वाकडा गेला तर पोरं काय खायची?" दाजी तोवर भोंगा बांधायला छपरावर चढले होते.

बाजार भरला. जमादार दुकानासमोर बाजेवर येऊन बसला. दाजींनी बोलायचं यंत्र तोंडाशी धरलं, आणि आश्चर्य म्हणजे हा एरवी अखंड बोलणारा माणूस एकदम पोथी वाचल्यासारखा बोलू लागला. "सज्जनहो, आमच्या येथे नाना तऱ्हेची वस्त्रे…" लोक जमले, पण भोंग्याखाली. आवाज कुठून येतो ते माना वर करून पाहत राहिले. दुकानात कुणी फिरकेना. दुपारपर्यंत दाजींचा घसा बसला. ते पाणी प्यायला आत गेले आणि यंत्र तसंच चालू, दाराजवळच्या कापडाच्या थानांवर ठेवलं.

मी बाजारात होतो. एकाएकी सगळ्या बाजारावर माझ्या अक्काचा आवाज आला.

"त्या निळ्या छिटाचं एवढं कौतुक कशाला करायलाव? परवा धुतलं तर हंडाभर पाणी निळं झालं."

"हळू बोल," दाजींचा आवाज.

"हळूच बोलायलेय. लाल छीट द्या म्हणते मी बायांना. दिसायला साधं हाय, पर लवकर इटायचं न्हाई. आन त्या पांढऱ्या थानात गाठी हायेत, ते कुणाला फाडू नका. मी उशांना घालीन."

शेंगा मोजणाऱ्याचं मापटं हातातच राहिलं. बाजार इतका चूप मी कधी पाहिला नव्हता. मी दुकानाकडे धावलो. गर्दीतून वाट काढीपर्यंत अक्का पुढं बोलतच होती.

"आन आधी दोन घास खा. सकाळपासून वरडायलाव. पोटात काय हाय तुमच्या?"

मी पोचलो आणि यंत्राचं बटण फिरवलं. दाजींना कळलं तेव्हा ते भिंतीला टेकले. अक्का पदर तोंडाला लावून चुलीपाशी जाऊन बसली. आणि पायऱ्यांवर पावलं वाजली. सगळ्यांत पुढं जमादार होता. अक्काचा चेहरा पांढराफटक पडला. जमादार आत आला, डोक्यावरचा रुमाल काढून त्यानं घाम पुसला, आणि दाजींना म्हणाला, "बाई बोली सो लाल छीट दिखाव. नीला नक्को." त्याच्यामागं बाया होत्या, बायांमागं गडी होते. लाल छीट संध्याकाळच्या आत संपलं. निळं कुणी हातात धरलं नाही.

त्या दिवसापासून अक्काला दुकानात यावं लागलं. बाया दाजींना ओलांडून आतल्या दाराशी जात आणि 'अक्का, हे इटंल का?' असं विचारत. घरची बाई पेढीवर बसते म्हणून गावात कुजबुज झाली. दाजी म्हणाले, "बोलू द्या. फुकटात दुकानाचा इश्तिहार करायलेत." वरवर ते मजेत होते. पण मला दिसत होतं की आत काहीतरी सलतंय. एकदा मला स्टेशनावर पोचवायला आले तेव्हा चालता चालता म्हणाले, "मास्तर, एवढ्या सालांत मी जे जमवायलोय, ते हिनं न बोलावता केलं." मी म्हटलं, भोंगा तर तुम्हीच आणला होता. ते पुढच्या बाजारी उंट आणता येईल का, याबद्दल बोलू लागले.

उंट आला नाही. जर्मनीशी चाललेली लढाई लांबली आणि कापडावर कंट्रोल आलं. आता ज्याच्याकडे कार्ड त्यालाच, ठरलेलं तेवढंच कापड. गठ्ठे येणार अशी बातमी लागली की उजाडायच्या आत दुकानापुढं रांग लागे. पहिल्या दिवशी ती रांग पाहून दाजी हरखले. नुकताच धुतलेला अंगरखा घालून बाहेर आले, एकेकाला रामराम केला, कुणाला शरणार्थ म्हटलं. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांचे डोळे आतल्या गठ्ठ्यांवर. दाजींनी फोनो आणून पायरीवर ठेवला आणि किल्ली देऊ लागले. रांगेतला एक ओळखीचा शेतकरी अजिजीनं म्हणाला, "दाजी, गाणं ऱ्हाऊ द्या. आधी कापड द्या. आमच्या पातूर येईस्तोवर संपंल." दाजींचा हात थांबला. कापड खरंच अर्ध्या रांगेपर्यंत संपलं. उरलेली माणसं निघून गेली, आणि दाजी त्यांच्या पाठी पाहत राहिले.

मग दुकान अक्काच चालवू लागली. मोजायचं, फाडायचं, द्यायचं; त्यात दाजींना करण्यासारखं काही नव्हतं. ते घरात येरझारा घालत, पडवीतून परसात, परसातून पडवीत. जेवता जेवता उठत. अक्कानं मला निरोप धाडला की एकदा येऊन बघून जा. पण माझी बदली नांदेडकडे झाली होती, लग्नही ठरत होतं, आणि जाणं राहून गेलं.

लग्नानंतर मी आणि माझी बायको नांदेडहून सेलूला तिच्या माहेरी निघालो. गाडी पिंगळीला थांबली तेव्हा दिवस मावळत होता. फलाटावर एक काटकुळा माणूस एकेका खिडकीशी जाऊन आत डोकावत काहीतरी बोलत होता. खिडकीतली माणसं माना हलवत होती, तो पुढच्या खिडकीकडे वळत होता. आमच्या खिडकीशी आला आणि चेहऱ्याकडे न पाहताच म्हणाला, "कुठवर निघालाव? इथं उतरा की. गाव लय चांगलं हाय. पाणी गोड हाय."

"दाजी," मी म्हटलं.

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. ओळखायला त्यांना जरा वेळ लागला. मग माझ्या बायकोकडे पाहून त्यांनी हात जोडले. "तुमी होय मास्तर," ते म्हणाले. "मंग तुमचं तिकीट पुढचं असंल." त्यांनी ते अगदी समजुतीनं म्हटलं. गार्डानं झेंडी काढली. माझ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि वरची ट्रंक खाली ओढली.

गावाकडच्या वाटेवर दाजी ट्रंकेचा एक कान धरून पुढं चालत होते आणि सारखं मागं वळून आम्ही येतोय ना ते पाहत होते. अक्का दारात दिवा लावत होती. आम्ही अजून ओळखू येण्याइतके जवळ नव्हतो, तेवढ्यात दाजींनी लांबूनच तिला सांगितलं,

"बघ, आज दोघं उतरले."

अक्कानं हातातला दिवा जरा वर धरला. आमच्याकडे पाहिलं, मग कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहिलं, आणि आणखी दोन पाट मांडायला आत गेली.